एका माकडशिंगाला नाव देता देता

१७ ऑगस्ट २०१९, शनिवार. तृतीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन मी कल्याणहून जुन्नरची एसटी पकडली होती. निघालो होतो गवतं बघायला. माळशेज घाटात धबधब्याखाली भिजायला आलेल्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, त्यामुळे पलीकडे पोचेपर्यंत डबे संपले आणि दुपारही झाली. घाटमाथ्यावर समोरचं दिसू नये इतका पाऊस, आणि तिथून थोडं पूर्वेला सरकलो तर चक्क ऊन. आम्हा मुंबईकरांना सह्याद्री म्हणजे ओला हिरवा डोंगर. त्याच्या पाठीमागचा खडकाळ, काटेरी भाग बघायला कोण जातो? रसाळ झाडं मात्र तिथेच असतात.

एका शेताच्या बांधावर, शेराच्या आडोशाला, बोटाएवढ्या जाडीचे चौधारी करडे-हिरवे कोंब उभे होते. वीतभर उंच. एक टोक मोडून पाहिलं. शेर मोडला की दूध येतं, इथे पाण्यासारखा रस. म्हणजे शेराच्या जातकुळीतला युफोर्बिया नव्हे, रुईच्या कुळातली कॅरालुमा. टोकाला एकच फूल होतं, नखाएवढं, फिकट पिवळं. त्यावर ठिपके नव्हते आणि पाकळ्यांच्या कडेला केसही नव्हते.

शेतमालक काका मागे येऊन उभे राहिले होते. "ती व्हय? माकडशिंग. पोरं खात्यात."

"कशी लागते काका?"

"कडू. जरा खारट."

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात हे झाड स्टेपेलिया ॲडसेंडेन्स या नावाने छापलं, तेव्हा त्यानेही चवीबद्दल जवळपास हेच लिहिलं होतं. ते मला घरी आल्यावर कळलं. त्या वेळी मी फक्त फुलाकडे बघत होते. महाराष्ट्रातल्या माकडशिंगाच्या फुलाला केसांची झालर असते, म्हणून तर त्या प्रकाराचं नाव फिंब्रिएटा. हे फूल बोडकं होतं.

जागा सांगणार नाही. अशी झाडं उपटून विकणारे आहेत आणि फोटोतल्या डोंगराच्या रेषेवरूनही ते जागा शोधतात. तुम्हाला काही सापडलं तर फोटो टाकण्याआधी फोनचं लोकेशन बंद करा.

काकांना विचारून दोन फांद्या घेतल्या. एक प्रेसमध्ये दाबून वाळवण्यासाठी, एक मुलुंडच्या आमच्या गॅलरीतल्या कुंडीसाठी. कुंडी आईच्या ताब्यात गेली.

रसाळ झाड दाबून वाळवणं हा एक वेगळाच छळ आहे. साधं झाड चार-पाच दिवसांत कागदासारखं होतं. माझी फांदी आठ दिवसांनी प्रेस उघडला तेव्हा टोकाला नवा कोंब फुटून बसली होती, आणि खालच्या बाजूला बुरशी. ऑगस्टमधली मुंबईची हवा, दुसरं काय होणार? मग एका निवृत्त सरांना फोन केला. आयुष्यभर याच कुळावर काम केलेला माणूस. ते हसले आणि म्हणाले, "आधी मारा तिला. उकळत्या पाण्यात बुडवा, उभी चिरा, गर चमच्याने खरवडा, मग दाबा." तसं केलं. कागद रोज बदलायचे. वर्तमानपत्राची साधी पानं चालतात, पुरवण्यांचा गुळगुळीत कागद पाणी शोषत नाही.

फुलं दाबून उपयोग नाही, ती चपटी होऊन ओळखू येत नाहीत. ती ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. प्रिन्सेस स्ट्रीटला बाटल्या हव्या तेवढ्या मिळतात. इथेनॉल मात्र परवान्याशिवाय मिळत नाही, ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सही करून घेतलं. बाटलीत घालायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पहिल्या बाटलीत मी पेनने लिहिली होती, आठवड्यात शाई विरघळून फुलं निळसर झाली. आणि रंग लगेच वहीत उतरवा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उडून जातो.

ऑक्टोबरमध्ये गॅलरीतल्या कुंडीला तीन फुलं आली. कॉलेजातून संध्याकाळी घरी आले, भिंग लावलं. पुन्हा पिवळी, ठिपके नसलेली, बोडकी. ही नवी जाती असेल या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. वय सेहेचाळीस, वीस वर्षं शिकवण्यात गेलेली, नावावर दोन-चार किरकोळ लेख. मनातल्या मनात मी नावाचं स्पेलिंगसुद्धा लिहून पाहिलं.

सरांना पुण्याला जाऊन फोटो दाखवले. ते म्हणाले, "नवीन असेलही. पण तुम्हाला ते नवीन आहे हे दाखवायचं नाहीये. दोनशे वर्षांत कुणीच याला आधी नाव दिलेलं नाही, हे दाखवायचंय."

त्याचा अर्थ कळायला जानेवारी २०२० उजाडलं. सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, गेले. जाताना आपल्या संस्थेचं पत्र न्यावं आणि आधी वेळ ठरवून घ्यावी. आत पेन चालत नाही, पेन्सिल चालते. झाड चिकटवलेलं शीट पुस्तकाच्या पानासारखं उलटायचं नाही, दोन्ही हातांनी आडवं उचलायचं. या हर्बेरियमला ज्यांचं नाव आहे ते फादर ब्लॅटर स्विस जेझुइट. त्यांनी आणि चार्ल्स मॅककॅन यांनी पाचगणीच्या एका युफोर्बियाला पंचगनिएन्सिस नाव दिलं, ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांनी खंडाळ्याच्या एकाला खंडालेन्सिस.

तिथे मला सगळ्यात आवडल्या त्या ओळखीच्या चिठ्ठ्या. शीटच्या कोपऱ्यात मूळ लेबल असतं. पुढे कुणाला वाटलं की ओळख चुकली आहे, तर तो आपलं मत, नाव आणि तारीख लिहून नवी चिठ्ठी शेजारी चिकटवतो. जुनी काढायची नाही, झाकायचीही नाही. एका शीटवर चार चिठ्ठ्या होत्या, चार अक्षरं, आणि चौघांचं एकमेकांशी पटलेलं नव्हतं. त्यातल्या एकाने इतकी ढोबळ चूक केली होती की मी आणि माझी विद्यार्थिनी तोंडावर रुमाल धरून हसलो.

त्याच दिवशी मी माझं पहिलं शीट तिथे जमा केलं. कॅरालुमा, आणि पुढे पेन्सिलीने लिहायला सांगितलेलं मी ऐटीत काळ्या पक्क्या शाईने लिहिलं: नवी जाती, पुढे प्रश्नचिन्ह.

मार्चमध्ये सगळंच बंद पडलं. ते वर्ष वाचण्यात गेलं आणि खरं सांगते, फुकट गेलं नाही. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर जुने ग्रंथ विनामूल्य वाचता येतात. लंडनच्या क्यू हर्बेरियममधल्या टाइप नमुन्यांची चित्रं घरबसल्या मोठी करून बघता येतात. टाइप म्हणजे ज्या एका नमुन्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तो नमुना. वर्णन कितीही गोड लिहिलेलं असो, वाद झाला की टाइप उघडायचा. रॉक्सबर्गने भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली चित्रं अडीच हजारांच्या वर आहेत आणि त्याच्या नावांबद्दल शंका आली की तीही बघावी लागतात. मग ग्रेव्हली आणि मयूरनाथन यांचं १९३१ चं मद्रास संग्रहालयाचं काम वाचलं. त्यांनी फिंब्रिएटा, ॲटेन्युआटा वगैरे आधी स्वतंत्र मानलेल्या जाती ॲडसेंडेन्सच्या पोटात प्रकार म्हणून घातल्या. ही झाडं एकमेकांत किती मिसळतात याचा तो सरळ इशारा होता. मी तो वाचला, अधोरेखित केला आणि पुढे गेले.

(एक गंमत. या फुलाच्या मधल्या मुकुटासारख्या भागाला वनस्पतिशास्त्रात कोरोना म्हणतात. २०२० च्या जूनमध्ये मी फोनवर विद्यार्थिनीला "बाहेरचा कोरोना दीड मिलिमीटर, आतला एक" असं सांगत होते आणि आई दारात हबकून उभी होती.)

एका बांधावरच्या चार झाडांवर जाती उभी राहत नाही. शेजारच्या डोंगरावर आणखी झाडं होती, पण तो राखीव वनात. तिथून पानही तोडायचं तर वनखात्याची परवानगी हवी. जून २०२१ मध्ये अर्ज केला. कॉलेजचं पत्र, संशोधनाचा सारांश, किती नमुने, कुठल्या तारखा, सगळ्याच्या तीन प्रती. सात महिने आणि बरेच फोन झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये परवानगी आली. मुदत ३१ मार्चपर्यंत. झाड फुलतं पावसाळ्यात! उन्हाळ्यात त्या डोंगरावर सुकलेल्या काड्यांशिवाय काही दिसत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा तीन प्रती. मुदतवाढ जुलैमध्ये हातात पडली. तेव्हा अर्जात "फुलोऱ्याचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर, परवानगी त्या काळासाठी मिळावी" हे वाक्य ठळक लिहा, नाहीतर आर्थिक वर्षाच्या हिशेबाने तारीख पडते.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये पाच फेऱ्या केल्या. पहाटेची गाडी धरली तरी झाडांपर्यंत पोचायला दुपारचा एक वाजायचा. वरती वारा असा की मोजपट्टी धरायला दुसरा माणूस लागायचा. सत्तेचाळीस झाडं मोजली, त्यांतली नऊ फुललेली, सगळी बोडकी. डिसेंबरमध्ये पुण्याला कोरेगाव रोडवरच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये तीन दिवस बसले. मग एका तरुण चित्रकाराकडून शाईची रेखाचित्रं करून घेतली, साडेसात हजार रुपये. ते पैसे मला कधीच जड वाटले नाहीत. त्याने फुलाचा एकेक भाग मायक्रोस्कोपखाली बघून काढला आणि माझी दोन मापं चुकलेली दाखवली.

आता नावाबद्दल, कारण सगळे तेवढंच विचारतात. वनस्पतींच्या नावांची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. नाव ग्राह्य धरायला वर्णन किंवा इतरांपासूनचा फरक लॅटिन अथवा इंग्रजीत छापावा लागतो. १९३५ पासून २०११ संपेपर्यंत लॅटिनच लागायचं, त्यातून आपण सुटलो. होलोटाइप, म्हणजे लेखकाने नेमलेला टाइप नमुना, कुठला आणि तो कुठल्या हर्बेरियमात आहे हे लिहावं लागतं. केवळ ऑनलाइन निघणारं नियतकालिक असेल तर पीडीएफ आणि आयएसएसएन क्रमांक हवा, त्यामुळे ब्लॉगवर नाव जाहीर करून काही होत नाही. शिवाय आपल्या जैवविविधता कायद्याप्रमाणे (२००२) नवी जाती सापडली तर तिचा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेत जमा करणं बंधनकारक आहे.

नाव कुणाचंही देता येतं. मॅककॅन यांचं मॅककॅनिआय झालं, फादर सांतापाव यांचं सांतापावी, दोन्ही कंदीलपुष्पांना. २०२३ मध्ये विशाळगडावरच्या एका कंदीलपुष्पाला शिवरायांवरून शिवरायियाना हे नाव मिळालं. जुन्नरच्याच परिसरातल्या शिंदळ माकडी या रसाळ झाडाला डालझेलने १८६५ मध्ये फ्रेरिया इंडिका म्हटलं, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. १९५८ मध्ये रौलीने तिला कॅरालुमात हलवलं. तिथे इंडिका हे नाव आधीच दुसऱ्या झाडाचं होतं, म्हणून ती कॅरालुमा फ्रेरेई झाली. आता अनेकजण तिला बाऊसेरोशियात धरतात. गव्हर्नरसाहेब आडनावाच्या जागेवरून पहिल्या नावाच्या जागेवर आले, पण झाडाबरोबर टिकून आहेत. स्वतःचं नाव देऊ नये असा नियम नाही, पण तसं कुणी केलं की लोक त्याची आठवण वर्षानुवर्षं काढतात.

मी आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं. बाईचं नाव असेल तर शेवटी एई लागतो. आईला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "इतकी सुंदर फुलं असतात जगात, आणि माझं नाव माकडाच्या शिंगाला?" पण दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या काकूंना सांगत होती, हे मी ऐकलं.

मे २०२३ मध्ये लेख एका नियतकालिकाकडे पाठवला. अकरा दिवसांत परत. जुलैमध्ये दुसरीकडे. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन परीक्षकांची मतं आली. पहिल्याने स्वल्पविराम सुधारले होते. दुसऱ्याने सगळं मिळून सहा ओळी लिहिल्या होत्या, त्यांतली एक अशी: कडेचे केस नसल्याचं निरीक्षण फूल उमलल्यापासून किती वेळाने केलं, ते लिहावं.

मी चिडले. मग वही काढली. २०१९ चं पहिलं फूल दुपारी तीन वाजता. गॅलरीतली सगळी फुलं संध्याकाळी सहानंतर, कॉलेजातून आल्यावर. डोंगरावरची दुपारी एक ते चार, त्या वाऱ्यात. चार वर्षांत मी एकही फूल सकाळी पाहिलं नव्हतं.

कुंडीत कळ्या होत्याच. १९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी, घरी सुट्टी. आई मोदकाची उकड काढत होती. कुंडी हॉलमधल्या टेबलावर आणून मी पहाटेपासून समोर बसले. पावणेसातला कळी फुटली. पाकळ्यांच्या कडेला जांभळट केस होते, गदेसारखे टोकाला फुगलेले, आणि पंख्याच्या वाऱ्याने ते थरथरत होते. दुपारच्या आरतीनंतर पाहिलं तेव्हा सात उरले होते. संध्याकाळी एकही नाही. टेबलाच्या सनमायकावर बोट फिरवलं तर भिंगाखाली धूळ दिसली, ती धूळ नव्हती.

मग कपाटातून २०२२ च्या बाटल्या काढल्या. तळाशी नेहमीसारखा बारीक गाळ होता. मी तो फुलांचा चुरा समजत होते. ड्रॉपरने थेंबभर उचलून स्लाइडवर ठेवला. गदेच्या आकाराचे केस, दाटीने. पुरावा वर्षभर माझ्याच कपाटात, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीखाली होता.

ठिपक्यांचा प्रश्न राहिला होता, तोही दोन आठवड्यांत सुटला. कुंडी ग्रिलच्या सावलीतून काढून गच्चीवर उन्हात ठेवली. पुढच्या फुलांवर तपकिरी छटा आली, मग ठिपके. शेराखालची आणि झुडपांतली झाडं सावलीतली होती, एवढंच. फांद्या आखूड होत्या त्या शेळ्यांमुळे, हे काकांना विचारलं असतं तर पहिल्या दिवशीच कळलं असतं.

लेख मागे घेतल्याचं पत्र लिहायला मला एक तास लागला आणि पाठवायला चार दिवस. त्या परीक्षकाचं नाव मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. त्याला मनापासून धन्यवाद लिहिले. सरांना फोन केला तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "छापून झाल्यावर कळलं असतं तर?" तशी नावं पुस्तकांत असंख्य आहेत, जुन्याच झाडाची जादा नावं म्हणून वर्षानुवर्षं ओझ्यासारखी वाहिली जातात. आई म्हणाली, "बरं झालं, सुटले." थोड्या वेळाने, "तू जेवलीस का?"

ठरवलेलं नाव मी इथे लिहीत नाही. वर्णनाशिवाय कुठेतरी छापलेलं नाव ग्राह्य नसतं, पण शोधताना पुढच्याच्या पायात येतं.

काकांनी पहिल्याच दिवशी माकडशिंग म्हणून सांगितलं होतं, मग तुम्ही चार वर्षं काय केलंत, असं स्टाफरूममध्ये गमतीने म्हणतात. मला ते पटत नाही. काकांच्या लेखी बांधावरची सगळीच चौधारी झाडं माकडशिंग. तिथे खरोखर दोन जाती असत्या तरी ते तेच म्हणाले असते, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असतं. खायचीच तर आहे.

केस गळण्यावर दोन पानांचं टिपण लिहिलं, ते २०२४ मध्ये छापून आलं. एकूण खर्च एकोणचाळीस हजारांच्या आसपास, त्यात निम्मा प्रवास. कुणी हे करायला निघणार असेल तर माझ्याकडचं परवानगीच्या अर्जाचं प्रारूप वापरा, आणि पहिलं फूल पहाटे बघा.

या जानेवारीत पुन्हा हर्बेरियममध्ये गेले. माझं शीट काढून दिलं. फांदी तपकिरी झाली आहे, पण चार धारा स्पष्ट दिसतात. ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या त्या कागदावर खाली उजवीकडे माझं २०२० चं लेबल, काळ्या पक्क्या शाईत प्रश्नचिन्ह. बरोबर आणलेली नवी चिठ्ठी मी गोंद लावून त्याच्या शेजारी चिकटवली: कॅरालुमा ॲडसेंडेन्स, प्रकार फिंब्रिएटा, माझं नाव, तारीख. चिठ्ठी जरा डावीकडे सरकली आणि प्रश्नचिन्हाची शेपटी झाकली गेली. गोंद ओला होता तोवर मी ती उचलून पुन्हा नीट लावली.